टकटक वरची की खालची

हॅमिल्टन, न्यूझीलंड
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,
जय जिनेंद्र.

फोन केला की तुम्ही तो वहिनींच्या हातात देता आणि ‘काय असंल ते लिहून धाड म्हणावं’ असा निरोप मिळतो. म्हणून हे पत्र हातानं लिहून, त्याचा फोटो ऐश्वर्यावहिनींच्या फोनवर पाठवतोय. तुम्हीही कागदावर लिहा, त्या फोटो काढून धाडतील. निदान तुमचं अक्षर तरी दिसेल.

इथं दूध प्लँटवरचं काम बरं चाललंय. मोना आठ वर्षांची झाली. आता मुद्द्यावर येतो. लहानपणी तुमच्या वर्कशॉपमध्ये मी एका जुन्या कॅलेंडरवरची टप उघडणारी, दोन सिटांची गाडी बघत बसायचो, आठवतं का? सातवीच्या सुट्टीत माझा कान फुटला होता आणि डॉक्टरनं पोहायला बंदी केली म्हणून मी महिनाभर तुमच्याकडंच पडून होतो, तेव्हाची गोष्ट. तसली जपानी गाडी इथं जुन्या बाजारात सहज मिळते. घ्यायची ठरवलंय आणि तिला टर्बो बसवायचाय.

पण कुठली घ्यायची? एक आहे एक्क्याण्णव सालची, सोळाशे सीसीची, इंजिनचा ब्लॉक लोखंडी. दुसरी त्याच गाडीची पुढची पिढी, दोन हजार सातची, दोन लिटरची, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, सहा गिअर. नवी मुळातच जोरात पळते. जुनी त्या मानानं गरीब आहे, पण टर्बोवाले सगळे तिचंच नाव घेतात. मी यंत्रांचं शिक्षण घेतलं खरं, पण माझा जन्म दुधाच्या पंपात गेला. उद्यमनगरात पन्नास वर्षं इंजिनं उघडली ती तुम्ही. तुम्ही सांगाल ती घेईन. एवढं एक माझ्यासाठी करा.

तुमचा,
अभिनंदन

*

कोल्हापूर
१४ फेब्रुवारी २०२५

चि. अभिनंदन,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. ऐश्वर्यानं मोठं करून दाखवलं. तुझं अक्षर अजून कोंबडीचे पाय आहे, त्यात सुधारणा नाही.

मी ठीक आहे. चौऱ्याहत्तर वय झालं, पण ऊस अजून दातानं सोलून खातो. सम्राट, पोटचा पोरगा, म्हणतो घरी बसा. मी रोज सकाळी नऊला वर्कशॉपात हजर. बिद्रीपासून कोडोलीपर्यंतची माणसं इंजिन चालू करतात आणि ‘आप्पासो मामा, जरा ऐका की’ म्हणून माझ्यापुढं उभी राहतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून मी सांगतो, दोन नंबरचा पिस्टन, नाहीतर तीन नंबरचं बेअरिंग. सम्राटनं कॉम्प्युटरचं मशीन आणलंय, पण गिऱ्हाईक अजून माझ्याच तोंडाकडं बघतं. आपल्याला यापेक्षा काय पाहिजे?

आता तुझी गाडी. टर्बो म्हणजे काय, तर धुराड्यातून वाया जाणाऱ्या धुरावर पंखा फिरवायचा आणि त्या जोरावर इंजिनच्या तोंडात जास्तीची हवा कोंबायची. म्हणजे पंगतीत जावयाला आग्रह केल्यासारखं. आग्रह सोसायला पोटात जागा लागते. जुनं इंजिन हवा नऊ पटीनं दाबतं, नवं जवळजवळ अकरा पटीनं. म्हणजे नवी आधीच जेवून आलेली आहे. तिला आग्रह केलास तर ठसका लागणार. जुनी उपाशी आहे. वर तिचा ब्लॉक लोखंडाचा, आपल्या शिरोलीच्या भट्टीत ओततात त्या जातीचा. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं हे मान्य, पण हलकेपणाचं कौतुक भांड्यांत करावं.

नव्याची नवलाई नऊ दिवस. तेव्हा जुनीच बघ. मात्र इंजिन चांगलं असलं तरच. खराब पोटाच्या माणसाला आग्रह करू नये.

मामा

*

हॅमिल्टन
२ मार्च २०२५

आदरणीय मामा,

तुमचं पंगतीचं उदाहरण इथल्या दोन गोऱ्या मित्रांना समजावून सांगितलं. त्यांना जावई म्हणजे काय हेच समजवण्यात अर्धा तास गेला.

जुनी गाडी बघून आलो. मालक निवृत्त गुरांचे डॉक्टर आहेत, गाडी पोरीसारखी सांभाळलीय. रंग लाल, टप नवा, गंज कुठं नाही. एकच शंका आहे. इंजिन तापलं की बारीक टकटक ऐकू येते. या गाड्यांचे टॅपेट वाजतातच, असं सगळे म्हणतात. वरची, टॅपेटची टकटक असेल तर काही बिघडत नाही. पण तीच खालून, क्रँकच्या बेअरिंगमधून येत असेल तर टर्बोच्या जोरानं पिस्टनचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल. माझ्या कानाला फरक कळत नाही.

वहिनींच्या फोनवर इंजिन चालू असतानाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवलाय. शांत जागी बसून ऐका आणि सांगा, टकटक वरची की खालची? डॉक्टरांनी आठवडाभर गाडी माझ्यासाठी थांबवून ठेवलीय. तुमचं उत्तर येईपर्यंत मी हात लावणार नाही.

अभिनंदन

*

कोल्हापूर
७ मार्च २०२५

चि. अभिनंदन,

व्हिडिओ बघितला. तीनदा लावला. धूर स्वच्छ आहे, निळा नाही, काळा नाही. इंजिन हलत नाही, बॉनेट थरथरत नाही.

टकटक टॅपेटची आहे. गाडी घे.

इथं ऊन वाढलंय. ऐश्वर्या तुझ्यासाठी आजऱ्याचे काजू पाठवायचं म्हणते, तुमच्याकडं विमानतळावर काढून घेत नसतील तर कळव.

मामा

*

हॅमिल्टन
३० मार्च २०२५

आदरणीय मामा,

घेतली. तीन आठवडे पत्र लिहायला वेळ झाला नाही, कारण संध्याकाळी ऑफिसातून सुटलो की मी गॅरेजमध्ये. मोना गाडीला ‘आक्का’ म्हणते. वयानं माझ्या बायकोएवढी आहे म्हणून हे नाव ठेवलंय, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

टर्बोची पेटी आली. इथं नियम कडक आहेत, बसवल्यावर सरकारी तपासनीस येऊन मंजुरीचा कागद देतो. तोही आधी एकदा गाडी बघून म्हणाला, पाया चांगला निवडलात. मी म्हणालो, माझ्या मामांनी बारा हजार किलोमीटरवरून इंजिन ऐकलं. त्याला खरं वाटेना.

एप्रिलच्या अठरा तारखेपासून ईस्टरची चार दिवस सुट्टी आहे. त्याआधी टर्बो बसवून होईल. एकोणीसला सकाळी पहिली फेरी मोनाची. शेजारची सीट तिची, यावर तिनं माझ्याकडून सही घेतलीय. समुद्राकडं जाणारा एक घाट आहे, आपल्या आंबा घाटासारखा, वळणावळणाचा, एका बाजूला दरी. त्या घाटात आक्काला पहिल्यांदा मोकळी सोडणार.

मामा, गावाकडून निघालो तेव्हा वाटलं होतं, आता तुमचा माझ्या आयुष्याशी काही संबंध उरणार नाही. तुमच्या कानावर माझी गाडी उभी राहिली याचा मला केवढा आनंद झालाय, तो तुम्ही समोर असता तर सांगता आला नसता.

अभिनंदन

*

कोल्हापूर
८ एप्रिल २०२५, सकाळ

चि. अभिनंदन,

हे पत्र मी टपालानं पाठवतोय. ऐश्वर्याच्या फोनवरून पाठवलं तर ती वाचेल, आणि ती वाचेल तर सम्राटला कळेल.

मला ऐकू येत नाही. थोडंफार गेलं असं नाही. गेली तीन वर्षं जवळजवळ काहीच नाही. पन्नास वर्षं ग्राइंडरच्या शेजारी उभा राहिलो, कानात कापूससुद्धा घातला नाही. सुरुवातीला पाखरं गेली, मग फोन गेला, मग माणसं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आपल्याकडं सगळेच ओरडून बोलतात. शेजारी बसलेल्यालाही माणूस पंचगंगेच्या पलीकडं असल्यासारखी हाक मारतो. ओठ बघून आणि उरलेलं अंदाजानं मी निभावून नेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गिऱ्हाइकांची इंजिनंही मी अंदाजानंच सांगत होतो. गाडी किती पळाली ते विचारायचं, धूर बघायचा, तेलात बोट घालून चोळायचं, मग स्क्रूड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटायचे. दहातली आठ उत्तरं बरोबर यायची. मला वाटायचं, चालतंय की.

गेल्या आठवड्यात कृष्णात आला. बिद्रीजवळचा आहे, उसाचे ट्रॅक्टर चालवतो. इंजिन वाजतंय म्हणाला. मी नाटक केलं आणि सांगितलं, काही नाही, जा. तिसऱ्या दिवशी चढावर रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसकट मागं सरकला. मागं कुणी नव्हतं म्हणून निभावलं. कृष्णात भांडायला येईल म्हणून मी वाट बघत होतो. तो आला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “मामा, तुमचं काय चुकलं न्हाय. त्या दिवशी वाजतच नसंल ते.” त्याच्या ओठांवर मी हे वाचलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या सुखानं घेतल्या असत्या.

तुझा व्हिडिओ मी तीनदा लावला आणि तीनदा नुसता बघितला. टकटक वरची की खालची, मला माहीत नाही. आणखी एक सांगतो. जुनी की नवी हे तू विचारलंस तेव्हा मी हिशेब बरोबर मांडला, तो अजून बरोबर आहे. पण मला जुनीच जिंकायला हवी होती. नवीची बाजू घेतली असती तर सम्राटच्या मशीनपुढं मी स्वतःहून खाली बसल्यासारखं झालं असतं. म्हणून जुनीतली खोड मला दिसूच नये, असं मला वाटत होतं.

टर्बो बसवू नकोस. मोनाला बसवू नकोस.

मामा

*

कोल्हापूर
८ एप्रिल २०२५, दुपार

अभिनंदन,

सकाळी एक पत्र टपालात टाकलं. पैसे देताना खिडकीतल्या माणसाला विचारलं, किती दिवस. त्यानं आधी दहा, मग पाच बोटं दाखवली आणि खांदे उडवले. आज आठ तारीख. तुझी एकोणीस. मी पोस्टाच्या पायरीवर बसून हे लिहितोय, घरी जाऊन ऐश्वर्याच्या हातात देणार. तिला म्हणणार, आधी तू वाच, मग धाड.

मी बहिरा झालोय. तुझं इंजिन मी ऐकलेलं नाही, ऐकलं म्हणून खोटं सांगितलं. टर्बो चढवू नकोस. इंजिन गरम कर, लांब स्क्रूड्रायव्हर घे, टोक आधी वर टॅपेटच्या झाकणावर लाव आणि मग खाली ब्लॉकच्या पोटाला, तेलाच्या चेंबरच्या वर. ठोका खालून जोरात आला तर चेंबर उतरव आणि बेअरिंगचे शेल, त्या आतल्या अर्ध्या वाट्या, बघ. तोपर्यंत पोरीला त्या गाडीत घालू नकोस.

वाचलंस की लगेच कळव.

मामा

*

हॅमिल्टन
१३ एप्रिल २०२५

आदरणीय मामा,

‘मिळालं, थांबलो’ एवढं त्याच दिवशी कळवलं होतं. आता सविस्तर.

तुमचं पत्र आलं तेव्हा टर्बो बसून झाला होता. फक्त चालू करायचं बाकी होतं. सगळं पुन्हा उतरवलं, इंजिन गरम केलं आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. शेजारचा त्याच वेळी गवत कापायचं यंत्र फिरवत होता, काही कळेना. मग मला एकदम सातवीतली सुट्टी आठवली. मी म्हणालो होतो, माझा कान फुटलाय, मला कसं ऐकू येणार. तुम्ही स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्या दातात दिली होतीत आणि म्हणाला होतात, “कान गेला तर दात हायत की. चाव घट्ट आणि गप उभा ऱ्हा.” आणि मला बॉक्सरच्या ठोशासारखं इंजिन कवटीत ऐकू आलं होतं.

परवा तसंच केलं. वर टॅपेटची बारीक टकटक होती. खाली ठोका होता. दाताच्या मुळाशी लागत होता. चेंबर उतरवलं. तीन नंबरच्या रॉडचा शेल निघाला, वरचा पांढरा थर घासून जाऊन तांबं उघडं पडलेलं. तपासनीस म्हणाला, टर्बोसकट हे इंजिन घाटाचा माथा बघू शकलं नसतं. क्रँकला मात्र ओरखडाही नाही. ब्लॉक खणखणीत आहे. नवे शेल टाकले की झालं. लोखंडाबद्दलचं तुमचं म्हणणं खरंच होतं.

आता माझं ऐका. दोन वर्षांपूर्वी फोनवर मी तुम्हाला विचारलं, जेवलात का, आणि तुम्ही सांगितलंत, सम्राट सांगलीला गेलाय. तेव्हाच मला शंका आली होती. व्हिडिओवर तुम्ही धुराबद्दल आणि थरथरीबद्दल दोन ओळी लिहिल्यात आणि आवाजाबद्दल एक, तेव्हा ती शंका पुन्हा आली. पण मला गाडी हवी होती आणि तुमचा होकार हवा होता. दोन्ही मिळालं म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. पोरीला शेजारी बसवणारा बाप मी होतो. तेव्हा सगळा दोष एकट्यानं घेऊन बसू नका.

अभिनंदन

*

हॅमिल्टन
१८ मे २०२५

आदरणीय मामा,

तुमचं टपालानं पाठवलेलं पत्र काल आलं. जवळजवळ चाळीस दिवस लागले. ते मी गॅरेजमध्ये बसून वाचलं. पोस्टाच्या त्या पायरीवर तुम्ही दुसरा कागद काढला नसता तर, एवढाच विचार डोक्यात होता.

गाडी झाली. टर्बोचा दाब मुद्दाम कमी ठेवलाय, तुमच्या भाषेत सांगायचं तर एकच लाडू वाढलाय. कागदही मिळाला. आधी मी एकटा घाटातून चार वेळा गेलो, मग मोनाला नेलं. ती आख्खा घाट दात विचकून बसली होती. विचारलं तर म्हणाली, मी ऐकतेय. फोटो सोबत आहे.

अभिनंदन

*

कोल्हापूर
२६ मे २०२५

चि. अभिनंदन,
आशीर्वाद, आणि मोनाला दोन जास्तीचे.

फोटो बघितला. दात बापावर गेलेत, पण हरकत नाही.

इथलं सांगतो. ऐश्वर्यानं त्या दिवशी कागद वाचला, फोटो काढून पाठवला आणि मग माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, “मामंजी, मला दोन वर्षं झाली ठावं हाय.” ती काही बोलायचं असलं की आधी माझ्यासमोर यायची, पदर सारखा करायची आणि मगच तोंड उघडायची. मला वाटायचं, सून वळणाची आहे. ती मला ओठ दिसावेत म्हणून येत होती. सम्राटला मात्र पत्ता नव्हता. त्याला बापाचं ऐकायची सवय नाही, तर बाप ऐकतो की नाही ते कुठून कळणार? कळल्यावर त्यानं दवाखान्यात नंबर लावला. तिसऱ्या दिवशी मला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. कानात मशीन बसवलंय. घरात बरं आहे, वर्कशॉपात नुसती शिट्टी मारतं, म्हणून तिथं काढून ठेवतो.

कृष्णातकडं मी स्वतः गेलो आणि खरं सांगितलं. त्याचं इंजिन सम्राटनं आणि मी नवं करून दिलं. पुढं मी वर्कशॉपात जायचं बंद केलं. झाकली मूठ उघडली, आता कुठल्या तोंडानं जायचं? खाली अंगणात बसून ऊस चघळत होतो.

मग तुझं तेरा तारखेचं पत्र पुन्हा काढून वाचलं. सातवीतली ती गोष्ट मी विसरलो होतो. देवाशप्पथ विसरलो होतो. स्वतःचीच युक्ती मला बारा हजार किलोमीटरवरून टपालखर्च न देता परत आली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक यायच्या आधी वर्कशॉपात गेलो, पंपाचं एक चार सिलिंडरचं इंजिन चालू केलं, माझ्या जुन्या स्क्रूड्रायव्हरची मूठ दातात धरली आणि टोक ब्लॉकला लावलं.

ऐकू आलं म्हणू की अंगात आलं म्हणू, मला सांगता येत नाही. बारीक आवाज नाही आला. पण ठोका आला. एक, दोन, तीन, चार, सगळे वेगवेगळे. तीन वर्षांनी आला. मी तिथंच उभा राहून रडलो, इंजिन चालू होतं म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

आता सगळ्या उद्यमनगराला माहीत आहे की आप्पासो मामा बहिरा आहे. मी पाटीसारखं आधीच सांगतो. परवा कोडोलीचा गुंडू मालवाहू टेंपो घेऊन आला. मी स्क्रूड्रायव्हर तोंडात धरल्यावर पोरं हसली. म्हटलं, हसा. मग सांगितलं, वरचं मला कळत नाही, ते सम्राटचं मशीन सांगेल. खाली दोन नंबरचा शेल गेलाय. सम्राटनं मशीन लावलं, मग चेंबर उतरवलं. दोन नंबरचाच होता. चहा सम्राटनं स्वतः आणून दिला.

तुझ्या गाडीबद्दल एवढंच म्हणेन की जुनी घेतलीस ते बरोबर केलंस, आणि मी सांगितलं म्हणून घेतलीस ते चुकलं. यापुढं तिचा आवाज फोनवर पाठवू नकोस. मला ती अशी कळायची नाही. काल सम्राटनं माझा पासपोर्टचा फोटो काढून आणला. त्यात मी कृष्णातच्या ट्रॅक्टरएवढा काळा आलोय, पण चालेल म्हणतात. दिवाळीनंतर तिकीट काढायचं ठरतंय.

स्क्रूड्रायव्हर विमानात हातात नेऊ देत नाहीत, असं ऐश्वर्या सांगते. तेव्हा तुझ्याकडचा एक लांब, लाकडी मुठीचा काढून ठेव. आणि लहान मुठीचा एक मोनासाठी.

मामा